वारसा-यादीतलं तोंड

आस्तेरियाबाई चोकेनायरांचा वरचा एकही दात शिल्लक नव्हता. दोन दात ओझी वाहणाऱ्या लामाने लाथ मारून पाडले, बाकीचे आपण होऊन गेले. त्याला बारा वर्षं झाली.

त्याच साली गावच्या केचुआ भाषेचं शुद्धलेखन ठरवणारी समिती डोंगर चढून गावात आली. बाई कधी शहरात गेल्या नव्हत्या, म्हणजे त्यांची भाषा सर्वांत शुद्ध, असं म्हणून त्यांना आवाज टिपणाऱ्या यंत्रापुढे बसवलं. बाई बोलू लागल्या की प्रत्येक ‘स’ला हिरडीतून बारीक शीळ निघे. समितीचे प्रमुख प्राध्यापक बिल्याफुएर्ते आनंदाने उभेच राहिले. हा उच्चार कुठल्याच पुस्तकात नव्हता. त्याच्यासाठी टोपी घातलेलं नवं अक्षर तयार झालं, आणि टोपी डावीकडे कलती की उजवीकडे, यावर समिती चार वर्षं भांडली. शीळ कशाची, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाला समोरचं बोळकं दिसत नसेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

पुस्तकं छापली. शाळेत बाईंची नात नेरी शिकवायची. धडधाकट दातांची पोरं एका सुरात शीळ घालत धडा म्हणायची आणि माळावरची कुत्री मेंढरं सोडून शाळेच्या दारात येऊन बसायची.

बाईंना या मानाचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना भाजलेला मका खायचा होता. गावात त्यांच्याइतका खमंग मका कुणी भाजत नसे, आणि त्यातला एक दाणा त्यांच्या नशिबी नव्हता. खालच्या दवाखान्यात फुकट कवळ्या देतायत असं कळल्यावर त्या तडक गेल्या. तिथल्या माणसाने नाव वाचून कान पकडले. हे तोंड जिल्ह्याच्या वारसा-यादीत आहे, समितीची सही आणा, म्हणाला.

“शब्दकोश पुरा होऊ द्या, आई,” प्राध्यापक म्हणाले. “आत्ताशी तिसरं अक्षर चाललंय.”

मग मक्याची कापणी आली. अख्खं गाव बाईंच्या शेतात राबलं. रीत अशी की शेताच्या मालकिणीने पहिली मूठ खायची, तोवर कुणी दाण्याला हात लावायचा नाही. बारा वर्षं बाई दाणे तोंडात टाकून नुसता जबडा हलवत आणि हळूच शालीत काढत. तेवढ्यापुरतं सारं गाव डोंगराकडे बघे. त्या दिवशी प्राध्यापक यंत्र घेऊन आले होते, चार तास चढून, उपाशीपोटी.

बाईंनी भाजलेल्या मक्याचं मडकं मधोमध ठेवलं आणि हाताची घडी घातली.

“मी खाल्ल्याशिवाय कुणी खायचं नाही. आणि मला खाता येत नाही.”

कुणी हललं नाही. सगळं गाव डोंगराकडे न बघता प्राध्यापकांकडे बघत बसलं. मक्याचा वास सुटला होता. ऊन कलेपर्यंत त्यांनी धीर धरला, मग पेन काढलं. कवळीच्या कागदावर सही झाल्यावर बाई म्हणाल्या, आजच्यापुरता पहिला घास पाहुण्याचा, आणि मडकं त्यांच्यापुढे सरकवलं.

पुढच्या कापणीला बाईंनी मूठभर मका तोंडात टाकला. कुरुम कुरुम आवाज शेताच्या टोकापर्यंत गेला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग धरणीमातेचं नाव घेऊन त्या चार शब्द बोलल्या, स्वच्छ, शिळेशिवाय.

“आजी, चुकलं,” सगळी पोरं एका सुरात शीळ घालत म्हणाली, आणि माळावरून कुत्री धावत आली.

“चुकू दे,” आजी भरल्या तोंडाने म्हणाली. “खा आता.”