मंजुळाबाईंनी गाळलेलं प्रकरण

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत भर मे महिन्यात पंखा बंद करून बसणारी एकच बाई मी ओळखतो, मंजुळाबाई. ही सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. त्यांचे यजमान गार्डसाहेब वारल्यावर त्या मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायच्या आणि दुपारभर माझ्यासाठी बी.ए.ची पुस्तकं टेपरेकॉर्डरवर वाचायच्या. पंख्याची घरघर टेपमध्ये येते म्हणून पंखा बंद. गाडी आली की वाचणं बंद. जंक्शन ते, गाड्यांना काय तोटा! बाई गाडीला शिव्या घालायच्या आणि त्यातल्या निम्म्या टेपमध्ये यायच्या.

मी जीवराम. जन्मापासून आंधळा. रेल्वेच्या ऑफिसातल्या वेताच्या खुर्च्या विणायचो. बी.ए. झालो की धुळ्याला ज्या अंधशाळेत शिकलो, तिथंच मास्तर म्हणून लागणार होतो. सगळं त्या परीक्षेवर अडलेलं.

कॅसेटवर शाईनं नाव लिहून मला काय उपयोग? म्हणून बाईंनी पहिल्या कॅसेटवर ज्वारीचा एक दाणा डिंकानं चिकटवला, दुसरीवर दोन. उंदरांनी तिसरी कॅसेट बिननंबरी केली, तेव्हा दाणे सोडून ब्लाउजची बटणं लावली. प्रकरण संपलं की वाटीवर चमचा मारायच्या. फीत पुढं पळवताना ते टिंग टिंग मला ऐकू यायचं आणि हवं ते प्रकरण सापडायचं.

शेवटचा पेपर मराठीचा. त्यात एक कादंबरी होती, आणि तिच्यावरचे सगळे प्रश्न एका जत्रेपाशी येऊन थांबत होते. बाईंच्या टेपवर ऐकलं होतं तसं मी माझ्या लेखनिकाला झोकात सांगितलं, आई मुलाला जिलेबी घेऊन देते आणि दोघं हसतखेळत बैलगाडीतून घरी येतात. झालं, नापास! माझ्याबरोबर परीक्षेला बसलेला मगन म्हणाला, "जिलेबी कुठली, जीवरामभाऊ? ती तर पोराला जत्रेत सोडून देते."

मी तडक बाईंकडे गेलो. "ती जिलेबी कोणी तळली?"

बाई म्हणाल्या, "तुझी आई तुला शाळेच्या दारात सोडून गेली, हे तूच सांगितलंस ना? ते प्रकरण तुला कसं वाचून दाखवू रे? जीभच रेटेना माझी. म्हणून जिलेबी मीच तळली."

सांगितलं होतं खरं. सात वर्षांचा होतो. आईनं मला शाळेच्या ओट्यावर बसवलं, "आलेच" म्हणाली. घसा बसेपर्यंत हाका मारल्या, ओ आली नाही. पुढं सुट्टीत ती न्यायला यायची तर मीच जायचो नाही. मग तिनं यायचं सोडलं. पण ते दुखणं माझं होतं, मी बघून घेतलं असतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"डोळसाला अख्खं पुस्तक, आणि मला तुमच्या चाळणीतून पडेल तेवढं? बाई, मी आंधळा आहे, कुक्कुलं बाळ नाही!" असं म्हणून चहा न घेता निघालो. त्या घरचा चहा मी कधी सोडला नव्हता.

काही दिवसांनी त्यांच्या मुलाच्या हाती एक कॅसेट आली. तिच्यावर कोटाचं मोठं बटण. सुरुवातीलाच बाईंचा आवाज, "गाळलेलं प्रकरण. आता एक शब्द जरी सोडला तर नाव बदलीन." मग वाचायला लागल्या. आई पोराला जत्रेत एका ओट्यावर बसवते आणि निघते. इथवर मला ठाऊकच होतं. पण ती जात नाही. भांड्यांच्या दुकानाआड उभी राहते, तोंडात पदर कोंबून, कुणीतरी पोराचा हात धरीपर्यंत. बाईंचा आवाज चिरकला, पण त्या थांबल्या नाहीत. वाटीवर चमचा वाजला. मी फीत मागं घेतली आणि परत ऐकलं. परत परत ऐकलं.

ऑक्टोबरला बसलो आणि पेपर सुटला. निकाल लागल्यावर पेढे घेऊन अमळनेरची पॅसेंजर पकडली. तिथून आमचं गाव जवळ. आई ज्वारी पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता. इतक्या वर्षांनी गेलो तर पाया पडायचं सोडून दारातूनच विचारलं, "माय, त्या दिन तू कोठे गयथी?"

सूप थांबलं. "कोठे जासू रे? तठेच व्हतू, निंबना झाडमांगे. तुनं रडनं थांबनं, तवय निंघनू."

शाळेसमोर निंब आहे; माझं रडणं थांबेपर्यंत ती त्याच्यामागंच उभी होती. त्याच्या सावलीत मी वर्षानुवर्षं खेळलो. तिथंच मला रडू फुटलं आणि त्याची लाजही वाटली नाही.

भुसावळला आल्यावर बाईंना सगळं सांगितलं. त्या आता दुसऱ्या एका पोरासाठी वाचायला बसल्या होत्या, पंखा बंद होता. त्यांनी पुस्तक मिटलं.

"म्हणजे मेल्या," त्या म्हणाल्या, "मी तुझी आईच गाळून टाकली होती."

"चहा टाका बाई," मी म्हणालो. "आणि आज पंखा लावा."