पलटणीचा गहू

पहिल्या जर्मन लढाईच्या अखेरीस तापाची साथ आली आणि आमच्या मुलखात पिकलेलं भात शेतातच झडू लागलं. कापायला माणूसच उभं नव्हतं. मग सरकारला जाग आली. पलटणीच्या कोठारातला गहू कर्जत स्टेशनावर उतरला, कंत्राटदाराने आमच्या बैलगाड्या धरल्या आणि एका हवालदाराबरोबर आम्ही खालापूरकडच्या गावांना पोती वाटायला लागलो. गहू, आणि तोही अख्खा! माणसं पेजेवर जगणारी, त्यात घरोघर आडवी झालेली. दळणार कोण? मी विचारलं, तर कंत्राटदार म्हणाला, "तू गाडी हाक." अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

वाटेवरच्या गावात माझी थोरली बहीण दिली होती. दुसऱ्या खेपेला तिच्या घरात शिरलो. नवरा साथीत गेलेला, ती एकटीच घोंगडीवर पडली होती. उशाशी आमच्याच पोत्यातले दाणे, काही चावून थुंकलेले.

"आक्का, पोटात काय हाय का?"

"नाय रं. चावतच नाय."

आमच्यात पुरुष जात्यावर बसत नाहीत. मी बसलो.

हवालदार दारात आला. "चल, पुढची गावं राहिलीत."

"बैल न्या माझे. मी येत नाय."

तो भला माणूस होता. त्याने माझी गाडी दुसऱ्याच्या हवाली केली.

पहिल्या पिठाची पातळ पेज करून आक्काला पाजली. दोन घोट गेले, बाकी ओघळली. तिला काही झालं तर माझं म्हणावं असं कुणी उरणार नव्हतं. तोवर जात्याची घरघर गावभर ऐकू गेली होती. कुणी भिंतीला धरून, कुणी रांगत, माणसं वाडगे घेऊन दाराशी आली.

"त्यांना दे आधी," आक्का म्हणाली. "पोरं हायत त्यांची."

मी रडत दळत होतो, त्याची लाज नाही. उन्हं कलता कलता तिचा श्वास थांबला. मी उठून तिचे डोळे मिटले. घरात मयत असताना दळत नाहीत, चूलही पेटवत नाहीत, हे दाराशी बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कुणी उठून जाईना. शेवटी एक म्हातारी खाली मान घालून म्हणाली,

"बाबा, माझी नात हाय रं घरात."

मी आक्काच्या तोंडावर पदर ओढला आणि जात्यात मूठभर गहू वैरला.