भोईर मॅडम आणि बिनकंदिलाचा कीटक

भोईर मॅडम नव्या माणसाला भेटल्या की आधी त्याच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या. आमची पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. त्यांनी मला दाराकडे तोंड करायला लावलं, माझी पाठ निरखून पाहिली आणि म्हणाल्या, "शर्ट एका बाजूने बाहेर आलाय, म्हणजे घाईत असता. तिथेच जुन्या चुण्या पण आहेत, म्हणजे रोजच घाईत असता. सेक्रेटरी म्हणून चालाल तुम्ही." मी 'सॉरी' म्हणालो. कशाबद्दल, ते मला आजही सांगता येणार नाही.

अपराधी वाटायला मला कारण लागत नाही. सोसायटीत पाणी आलं नाही तरी मला वाटतं मीच काहीतरी विसरलो. मॅडमच्या हे लवकरच लक्षात आलं. "सावंत," त्या म्हणायच्या, "तुम्ही अशी माफी मागता, की समोरच्याला वाटतं आपणच काहीतरी केलंय. थोडी कमी करा."

मॅडम मूळच्या चांदीप गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. सगळी नोकरी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर त्या बोळिंजला आमच्या सोसायटीत राहायला आल्या. शिकवणं मात्र निवृत्त झालं नव्हतं. भाजीवाल्याकडे वांगं हातात घेतलं की आधी उलटं करायच्या. नव्या सोफ्याच्या मागे वाकून बघायच्या. कुणी नवरामुलगा दाखवायला आणला की पहिला प्रश्न, "चालत जाताना पाठमोरा पाहिलात का?" त्यांचं एकच म्हणणं असे, "समोरची बाजू प्रत्येक जण सजवतो. ओळख पाठीमागे असते."

हे तत्त्वज्ञान त्यांना एका किड्याने शिकवलं होतं, असं त्या सांगत. त्यांच्या आवडीचं कुळ म्हणजे फुलगोरिडी, आपण ज्यांना कंदिलकीटक म्हणू ते. डोक्याला पुढे लांब पोकळ सोंडेसारखा भाग, पंखांवर रंगांची उधळण. जुन्या काळी कुणीतरी लिहून ठेवलं, की ही सोंड अंधारात कंदिलासारखी उजळते. मग सगळ्यांनी तेच पुढे लिहिलं.

"उजळते?" मी विचारलं होतं.

"कशाची उजळते! इंग्रजी नावात माशी आहे, तर हा माशीही नाही. ढेकणांच्या गणातला आहे, झाडाचा रस पिणारा. नाव ठेवणाऱ्याने रात्री जाऊन बघितलंच नाही. आणि त्या सोंडेवर जाऊ नका, सावंत. शेजारच्या एका कुळातल्या किड्यांनाही तसंच लांब नाक असतं. त्यावरून भलेभले फसतात."

"मग ओळखायचं कसं?"

"मागचा पंख उघडून बघायचा. त्याच्या आतल्या, अंगाकडच्या भागात आडव्या शिरांची दाट जाळी दिसली तर फुलगोरिडी. नसली तर नमस्कार करून दुसरं कुळ शोधायचं."

गंमत म्हणजे आयुष्यभर त्यांनी हे शिकवलं ते कॉलेजच्या संग्रहालयातल्या रंग उडालेल्या, टाचणीला टोचलेल्या एका नमुन्यावर. जिवंत कंदिलकीटक त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. "स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं आणि जेवले नाही, अशी माझी गत," असं म्हणून त्या हसायच्या. पण हसताना चष्मा पुसायच्या.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊस सरला होता, छत्र्या अजून दाराशीच टांगलेल्या होत्या. तळमजल्यावरच्या देसाईकाकूंच्या भाच्याने अमेरिकेहून एक व्हिडिओ पाठवला. ठिपक्यांचा एक कंदिलकीटक तिकडे बाहेरून आला आहे, द्राक्षबागांचा फडशा पाडतो आहे, आणि तिथलं सरकारच लोकांना सांगतं आहे, दिसला की चिरडा. काकूंनी तो मला पाठवला. मी, सेक्रेटरी या नात्याने, तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'कृपया दक्षता घ्यावी.'

दुसऱ्या दिवसापासून सोसायटी चप्पल घेऊन फिरायला लागली.

फाटकाजवळ आमचा महारुखाचा मोठा वृक्ष आहे. त्याच्या खोडावर करडी, चपटी पिल्लं दिसायची, मागे दोन मिशा काढल्यासारखी. लोक मिशांच्या पुढे नेम धरून चप्पल हाणत आणि किडा नेमका उलट्या दिशेला उडी मारून पसार होई. अध्यक्ष शिर्के घामाघूम होऊन मला म्हणाले, "सावंत, हे ट्रेनिंग घेऊन आलेत."

मॅडम बाल्कनीतून ओरडल्या, "अहो शिर्के, ज्याला तुम्ही तोंड समजताय ती शेपटी आहे! त्यांनी तुमच्यासारख्यांसाठीच ती तशी बनवलीय!"

शेवटी शनिवारी संध्याकाळी मीटिंग बोलावली. विषय एकच, महारुखावर औषध फवारायचं का. काकूंचा आग्रह होता, फवाराच. शिर्के तयार होते, फवारणीवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं. मी मॅडमच्या घरी जाऊन आलो. म्हटलं, "तुम्ही फक्त एवढं सांगा, की हे ते नाहीत. झाड वाचेल."

"सांगते की. खरंच नाहीत."

आणि त्यांनी ते झकास सांगितलं. ही पिल्लं युरीब्रॅकिडी नावाच्या वेगळ्या कुळातली, इथलीच, पिढ्यान्पिढ्या या झाडावर राहणारी. अमेरिकेतल्या पाहुण्याशी नातं लांबचं, म्हणजे शिर्क्यांचं बटाट्याशी असेल इतकं लांबचं नाही, पण घर वेगळं. लोक हसले. शिर्केही हसले. काकूसुद्धा म्हणाल्या, "मग राहू दे बाई, उगाच विषाचा वास कशाला." फवारणी रद्द. चहा आला. मॅडम पाय मोकळे करायला खाली गेल्या.

चहा संपायच्या आत त्या परत आल्या. एका हातात पान होतं आणि पानावर काहीतरी मेलेलं. त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. लग्नात पहिल्यांदा नवरीला बघणाऱ्या नवऱ्यासारखा आनंदी, आणि त्याच वेळी चोरी पकडली गेल्यासारखा. त्यांनी शिर्क्यांची बशी ओढली, त्यातला चहा माझ्या कपात ओतला, किडा बशीत ठेवला आणि साडीची सेफ्टी पिन काढून त्याचा मागचा पंख हळूच उलगडला.

मी वाकून पाहिलं. आतल्या भागात जाळी होती, बारीक आणि दाट.

मी त्यांच्या कानाशी लागलो. "मॅडम, मीटिंग संपलीय. सगळं मिटलंय. उद्या सांगा ना."

"सावंत, बाजूला व्हा." आणि मग मोठ्याने, "थांबा जरा. मी मघाशी पुरतं खरं नाही बोलले. ती पिल्लं वेगळीच आहेत, ते बरोबर. पण झाडाखाली मुंग्या हा ओढत होत्या. आणि वर खोडावर अजून एक आहे, जिवंत. हा फुलगोरिडी आहे. त्या अमेरिकेतल्याच्याच कुळातला."

काकू म्हणाल्या, "पण तुम्ही तर आत्ता नाही म्हणालात!"

"तेव्हा पंख पाहिला नव्हता."

"म्हणजे धोका आहे?"

"हा आपल्याकडचाच आहे. एखाद-दुसरा असतो, कुणाचं वाटोळं केल्याचं मी तरी ऐकलं नाही. एका कुळातले म्हणून सगळे एका वळणाचे नसतात. पण कुळ तेच आहे, ते मी लपवणार नाही."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. 'कुळ तेच' एवढंच खोलीभर फिरलं. पुन्हा हात वर झाले आणि सोमवारी सकाळी फवारणी ठरली. मी मॅडमकडे बघायचं टाळलं. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला होता, आणि राग आला म्हणून लगेच अपराधीही वाटलं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो जिवंत किडा त्यांना आत्ता भेटला होता, आणि त्यांनीच त्याच्या मरणाची सोय केली होती.

"मला उद्याचा दिवस द्या," त्या एवढंच म्हणाल्या. "आणि छत्र्या द्या."

रविवारी सकाळी महारुखाखाली जे दृश्य होतं ते बघून रस्त्यावरचे रिक्षावाले थांबत होते. मॅडमनी प्रत्येकाच्या हातात छत्री उलटी धरायला दिली होती. फांदीवर काठीने हलकेच मारायचं आणि खाली पडेल ते छत्रीत झेलायचं, ही किडे गोळा करायची त्यांची जुनी पद्धत. फवारणीला हात वर करणारे सगळे आले होते. देसाईकाकूंच्या फुलाफुलांच्या छत्रीत सगळ्यात जास्त पिल्लं पडली आणि त्या दर वेळी किंचाळून मग मोजत होत्या.

कंदिलकीटक मात्र छत्रीत आला नाही. तो खोडावरून उडाला आणि शिर्क्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, बरोबर पाठीवर बसला.

"हलू नका!" मॅडम.

शिर्के खांबासारखे उभे राहिले. ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "चावतो का?"

"झाडाचा रस पितो. तुम्ही आता झाडासारखे दिसताय खरे, पण त्याला फरक कळतो."

"मॅडम, लवकर घ्या ना."

पण मॅडम घेत नव्हत्या. डबा हातात धरून त्या शिर्क्यांच्या पाठीशी उभ्या होत्या आणि नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी डबा अलगद वर धरला.

मी गाडी काढली. चांदीपला त्यांच्या भावाच्या शेताच्या बांधावर महारुख होता. भाऊ, दामूदादा, पुढे आले. "बाय, कोन मेलं का काय? असे दोघं डबे धरून आलेत!"

"पाहुणे आणलेत, दामू. ह्या झाडावर राहतील."

"बरं. ते पानी पितात का चहा?"

पिल्लं आधी सोडली, कंदिलकीटक शेवटी. तो खोडावर दोन पावलं वर चढला आणि सालीच्या रंगात असा मिसळला, की तिथेच बघत असूनही मला दिसेना. "जगेल?" मी विचारलं.

"माहीत नाही." मग थोड्या वेळाने, "विचारा, विचारा. सकाळपासून गिळून बसलायत."

"काल गप्प बसला असतात तर झाड वाचलं असतं, मॅडम. हाही आपल्याच झाडावर राहिला असता."

"वाचलं असतं." त्या बांधावर बसल्या. "पण मग माझ्या 'नाही'ला काय किंमत राहिली असती? सोयीचं असेल तेव्हाच 'नाही' म्हणणारी बाई. पुढच्या वेळी तुम्हीच विश्वास ठेवला नसता, सावंत. ठेवला असता तर मला आणखी वाईट वाटलं असतं."

सोमवारी फवारणीवाला आला. पाठीवर पंप, हातात डबा. शिर्क्यांनी झाड दाखवलं. तेवढ्यात देसाईकाकू बाहेर आल्या, डब्याकडे संशयाने बघितलं आणि सरळ मॅडमना फोन लावला, स्पीकरवर.

"मॅडम, झाडाखाली आमची पोरं दिवसभर खेळतात. हे औषध चालेल का हो?"

"डब्यावर काय लिहिलंय, वाचा बघू."

काकूंनी अडखळत नाव वाचलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "मुलं खेळतात तिथे नाही."

बस, एवढंच. कुणी का म्हणून विचारलं नाही. कुणी हात वर करा म्हटलं नाही. झाड वाचवायला ही बाई काहीही बोलेल, असं म्हणायची सोय शनिवारीच संपली होती. काकूंनी फोन ठेवून शिर्क्यांकडे पाहिलं आणि शिर्के फवारणीवाल्याला म्हणाले, "चहा घेऊन जा."

मी वर धावत गेलो. "मॅडम, रद्द झालं! पण मग काल आपण उगाचच त्याला इतक्या लांब..."

"सावंत, माफी मागायची नाही. त्याचं गाव बदललं, माझं माहेर झालं आणि शिर्के कधी नव्हे ते ताठ उभे राहिले. रविवार याहून चांगला कसा जातो?"

मॅडम गेल्या त्याला आता वर्ष होईल. आजार फार लांबला नाही. शेवटचे दिवस त्या चांदीपलाच होत्या.

परवा पाण्याची टाकी धुवायला माणूस आला. त्याच्याकडे टाकीत टाकायची कुठलीतरी नवी पावडर होती. चालेल की नाही यावर जिन्यात जोरात चर्चा झाली. देसाईकाकूंनी सवयीने फोन हातात घेतला, नाव शोधलं, आणि तसाच खाली ठेवला. मग शिर्क्यांनी खिशातून चष्मा काढला, मी टॉर्च धरला, आणि आम्ही सगळे तिथेच पायऱ्यांवर बसून डब्यावरची बारीक अक्षरं पहिल्यापासून वाचायला लागलो.