भाड्याच्या ब्लॉगवर विकतची थीम

मंडळी, आज सकाळी सुभाषितांच्या ब्लॉगसाठी ऐटीत प्रीमियम थीम विकत घेतली, आणि ती अपलोड करायचं बटणच सापडेना.

इथेच नेदरलँड्समध्ये, डेल्फ्टला शिकणाऱ्या भाचीला फोन लावला.

"मामा, तुझा ब्लॉग कंपनीच्या सर्व्हरवर आहे. भाड्याचं घर ते! बाहेरची थीम तिथे चालत नाही."

"अगं, हूफडॉर्पचं हे भाड्याचं घर इथल्या रिवाजाप्रमाणे उघड्या सिमेंटचं मिळालं. फ्लोअरिंगसुद्धा आम्हीच घातलं!"

"ब्लॉगचा घरमालक डच नाही, मामा."

भाचीने एका वाक्यात माझा दृष्टान्त मोडला, हे माझ्या न्यायशास्त्राच्या गुरुजींना कळवू नका.

पण थीम सोडणार नाही. तिच्या डेमोत माझी जोडाक्षरं प्रथमच धड दिसली. म्हणून आता ब्लॉगच स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे हवी ती थीम लावता येईल अशा घरात हलवतोय. भाची येतेय, पोहे मी करतोय.

तुमच्यापैकी कोणी आधी फ्लोअरिंग आणि मग घर घेतलंय का?