आश्रुबाला फऱ्या झाला

चकलांब्याच्या आश्रुबाचा सगळा जीव त्याच्या दोन बैलांत, हरण्या आणि तांब्यात. दुष्काळात गावच्या दूध सोसायटीने चारा छावणी काढली, तसा तो बैलांबरोबर तिथेच मुक्कामाला गेला. बायको बायनाबाई म्हणे, "आता यांनाबी एक दावं बांधलं की झालं."

त्याच साली स्वाइन फ्लूची साथ होती. आश्रुबाला तिने गाठलं. ताप उतरला, पण खोकला असा, की शेजारची गुरं वैरण सोडून त्याच्याकडे बघायची. एका सकाळी त्याचा गळा फुगून हनुवटीला टेकला. बायनाबाईने बोट लावलं, तर कातड्याखाली चुरमुरे दाबल्यासारखं चुरचुरलं.

मग काय, जो तो येऊन गळा दाबून बघू लागला. गुरांना फऱ्या झाला की मांडीवरची सूज अशीच चुरचुरते, आणि चांगलं धडधाकट जनावर बघता बघता जातं, हे छावणीत सगळ्यांना ठाऊक.

सोसायटीचे चेअरमन तात्याबा लांबूनच ओरडले, "फऱ्याच हाय बे! तुझ्या बैलांचा लागला तुला. काढ त्यान्ला भाईर!"

बाहेर तर वाळकी काडी नव्हती. आश्रुबा गेंगाण्या आवाजात म्हणाला, "बीडला दाखवून येतो. तवर तरी ऱ्हाऊ द्या."

बायनाबाई बैलांपाशी थांबली. बीडच्या डॉक्टरांनी त्याच्या छातीचा स्कॅन काढला. हृदयाभोवती काळे पट्टे दिसत होते.

"ही हवा," डॉक्टर म्हणाले. "खोकून खोकून फुफ्फुसातून निसटली आणि वाट काढत गळ्यात आली. क्वचित होतं असं. जिरेल आपोआप. पण जोरात खोकायचं नाही, हसायचंही नाही."

त्यांनी त्याला थोडे दिवस ठेवून घेतलं. परत आल्याबरोबर आश्रुबाने फिल्म उन्हात धरली. "हे काळं दिसतंय ना, तात्याबा, ती हवा. फऱ्या न्हाई."

"हा फोटो तुझा," तात्याबा म्हणाले. "बैलांचा कुठंय?"

बायनाबाई उसळली. "फोटो कावून पायजे, भावजी? फऱ्याचं जनावर लंगडतंय, ह्ये लंगडत्यात का? दाबून बघा की मांडी!"

सगळी छावणी बघत होती. मागे सरायची सोय राहिली नाही. तात्याबांनी धोतर सावरून हरण्याची मांडी दाबली. चुरचुर काही झाली नाही. लाथ मात्र अशी बसली, की चेअरमन थेट कडब्याच्या गंजीत.

जरा वेळाने आतून आवाज आला, "ऱ्हाऊ द्या बे. बैल लई निरोगी हाय."

सगळी छावणी खदखदली. आश्रुबा तेवढा दोन्ही हातांनी गळा धरून, डोळे मिटून, हरण्याला टेकून उभा राहिला.