तीन डबे, तीन शूरवीर आणि एक चुकीचा शब्द

रविवार, १८ जानेवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. तळवड्याच्या आयटी पार्कबाहेर, माझ्या फोनच्या पडद्यावर, एका माणसाला तीन अक्षरांत मारून टाकण्यात आलं.

"शहीद हवालदार बबनराव, सेना पदक, यांच्या छायाचित्राखालच्या वर्षाचे शेवटचे दोन आकडे शोधा."

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जिओकॅशिंग म्हणजे फोनवर अक्षांश-रेखांश बघत लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथे ठेवायचा. आपल्याकडच्या एका हौशी मंडळाने पदकविजेत्या सैनिकांच्या नावाने असे तीन डबे लपवलेत. एक कोडं सुटलं की पुढची जागा कळते. कल्पना उत्तम. निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या बाकावर बसून सुनांच्या तक्रारी ऐकण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी आणि माझी शेजारीण शमीम निघालो. गाडी तिची, चालवणारीही तीच. तिच्या नवऱ्याचं पिंपरीत स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यामुळे गाडी बंद पडली तर काय करायचं हे तिला कळतं.

पहिला डबा आमच्या पिंपळे गुरवच्याच एका बागेत, वैमानिकाच्या नावाचा. वीर चक्राच्या फितीत किती रंग असतात, असा प्रश्न. उत्तर सांगणार नाही. साडेआठच्या आत पोहोचा, नंतर हास्यक्लबवाले येतात आणि शोधाशोध करणाऱ्या दोन बायका बघून आणखी हसतात. दुसरा डबा तळवड्यात, लोखंडी कठड्याच्या खाली चुंबकाने चिकटवलेला. पेन घरून न्या, डब्यातलं उठत नाही.

आणि तिथे ते तिसरं कोडं उघडलं.

बबनराव मला माहीत होते. सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते चाकणच्या आमच्या कंपनीत गेटवर सुरक्षा प्रमुख होते. मी तिथे खरेदी विभागात. एका रविवारी मी विसरलेली फाइल घ्यायला गेले, पास घरी. रोज नमस्कार करणाऱ्या माणसाने मला आत सोडलं नाही. मी फाडफाड इंग्रजीत दोन पानी तक्रार लिहिली (कॉन्व्हेंटात नन्सनी शिकवलेलं वाया जात नाही) आणि त्यांना मेमो मिळाला. महिन्याभराने सुट्टीच्या दिवशी पासशिवाय कोणालाही आत न सोडण्याचं परिपत्रक माझ्याच टेबलावर सापडलं. वाचल्याची सही माझी होती. मी ते फाइलच्या तळाशी सारलं. ते निवृत्त झाले, मग मी. माफी राहून गेली. निवृत्त झालेला माणूस शहीद कसा होईल, हे तेव्हा सुचलंच नाही; ते गेले, एवढंच कळलं.

"अगं, त्यांच्या घरी फोन लाव ना," शमीम म्हणाली.

लावला. त्यांचा जुना नंबर आता कोणा पार्सलवाल्याचा आहे.

शमीमने हळूच हात उचलून दुआ मागितली. मी गाडीत जाऊन बसले.

तळवडे-चाकण रस्ता रविवारी बरा असतो, कंपनीच्या बसेस कमी. बाजार समितीकडचे कांद्याचे ट्रक मात्र असतातच, त्यांच्या मागे लागलात तर लागलात. चाकणला मिसळ खा, झणझणीत मिळते. मी खाल्ली नाही. शमीमने माझीही संपवली आणि म्हणाली, "दुःखात एकीने तरी खायला हवं."

बबनरावांचं गाव चाकणच्या पुढे वीस मिनिटांवर. फोनवरच्या खुणेने ग्रामपंचायतीच्या वाचनालयात नेलं. भिंतीवर गणवेशातले तरुण बबनराव, आणि फोटोला चंदनाचा हार.

मी दाराशी चपला काढल्या. हात जोडले. डोळे मिटले.

"मॅडम, चपला आत घ्या. कुत्रं न्हेतंय."

मागे धोतर, मफलर आणि काखेत वर्तमानपत्र घेतलेले हवालदार बबनराव उभे होते.

मी काय बोलले ते आठवत नाही. शमीमच्या मते मी त्यांना रागावले.

"आन् हा हार?" मी ओरडले. बोलण्यात मीही गावचीच झाले होते.

"सत्कार केला पोरांनी पंधरा ऑगष्टला. चंदनाचा हार गळ्यात घालून घरी कसं जायाचं? बायको हसती. हितं खिळा दिसला, दिला अडकवून."

"स्वतःच्या फोटोला?"

"दुसऱ्याच्या फोटोला कशापायी? सत्कार माझा व्हता."

"म्हणजे त्या मंडळाची माणसं आली, हार बघितला, फोटो काढला आणि गेली?"

"मी तर हितंच पेपर वाचत व्हतो. इचारलं न्हाई कुणी."

शमीमने विचारलं, "बबनभाऊ, मी दुआ मागून बसले. आता काय करू?"

"ऱ्हाऊ द्या जमा. कामाला येईल."

मग मी माफीचं बोलले. परिपत्रक, सही, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"तोंडी न्हाई चालायचं, मॅडम. मेमो लेखी आला व्हता."

चेष्टा असेल म्हणून मी बघितलं. चेष्टा नव्हती. वाचनालयाच्या टेबलावर बसून मी चार ओळी लिहिल्या, मराठीत. सहा मिनिटं लागली. त्यांनी चष्मा लावून वाचलं, तारीख घालायला लावली आणि घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "चला, आता च्या." जाता जाता भिंतीवरचा हार काढून त्यांनी शमीमच्या हातात दिला, गाडीला वास चांगला येईल म्हणून.

फोटोखालचे आकडे फोनमध्ये टाकले की कळतं, डबा वाचनालयामागच्या पाण्याच्या टाकीखाली आहे. वहीत आम्ही सह्या केल्या आणि खाली त्यांनी केली.

परत येताना मला कडकडून भूक लागली आणि चाकणला त्याच हॉटेलात मी दोन प्लेट मिसळ खाल्ली. घरी आल्यावर शांत झोप लागली. बऱ्याच वर्षांत अशी लागली नव्हती. हा शोध जरूर करा, एका दिवसात सहज होतो. वाचनालयात दुपारी गेलात तर हवालदारसाहेब पेपर वाचत असतात. त्यांना नमस्कार करा, फोटोला नंतर.

आता मंडळाच्या संयोजकांना. तो शब्द ॲपमधून काढा आणि बबनरावांना सर्वांच्या सह्यांचं माफीपत्र त्यांच्या घरी जाऊन द्या. त्याची प्रत आणि चूक कशी झाली याचा खुलासा मला रविवार, २५ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत हवा. व्हॉट्सॲपवर अंगठा चालणार नाही, लेखीच पाहिजे. माफीला चार ओळी पुरतात. मी स्वतः लिहून बघितल्या आहेत.