कुलपातली कच्ची टेप

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या सरांनी फसवलं. चार वर्षं, चहा पाजत फसवलं.

मी तळोज्याच्या कारखान्यांतलं भंगार घेऊन विकणारा माणूस. सातवीत शाळा सोडली. भाऊ मात्र शिकला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याकडे सरांच्या हाताखाली पल्सारवर संशोधन करू लागला. पल्सार म्हणजे मेलेला तारा, दीपगृहासारखा फिरत रेडिओलहरी फेकणारा. एकदा पनवेलच्या खाडीवर बसून त्यानं मला समजावलं, "दादा, लाट किती मोठी आली तेवढंच आमी ठेवतो. ती कुठल्या क्षणी चढत होती, कधी उतरत होती, ती फेज हरवते. मी ती गणितानं परत काढतोय."

गणितातून उत्तरं बरीच निघत. त्यातलं खरं कोणतं, हे दुर्बिणीतून आलेल्या लहरी जशाच्या तशा, फेजसकट भरलेल्या एकाच कच्च्या टेपवरून ठरणार होतं. ती सरांच्या कपाटात, कुलपात. भावानंच सरांना सांगितलं होतं, काम संपेपर्यंत मला दाखवू नका. उत्तर आधी दिसलं तर गणित तिकडे झुकतं म्हणे.

माझं डोकं फिरलं. "माल न बघता सौदा करतोस? येडा हायस काय?"

"दादा, ते सर हायेत. भंगारवाले नाय."

तो अधूनमधून सरांना विचारी, टेप आहे ना? सर म्हणत, "आहे रे, तू काम कर."

काम संपलं तेव्हा पेढे घेऊन मीही गेलो. सरांनी कपाट उघडलंच नाही. "ती टेप पुसून पुन्हा वापरली. नव्या मिळत नव्हत्या. सगळीकडे असंच करतात."

"कधी वापरली?" मी विचारलं.

"तो आला त्याच वर्षी."

मी टेबलावर हात आपटला. भावानं माझा दंड धरला. "चल दादा," एवढंच म्हणाला. पेढ्यांचा पुडा तिथेच राहिला.

त्यानं पनवेलात शिकवणी सुरू केली. आकाशाबद्दल पुन्हा बोलला नाही. शेवटच्या आजारपणात मात्र एका दुपारी म्हणाला, "दादा, माझं बरोबर आलं असंल का रे?" कुठल्याही वस्तूचा भाव मी नजरेनं सांगतो. पण ह्याची पारख करणारी टेपच उरली नव्हती. आठवड्याभरात तो गेला.

सर, टेप पुसली, ठीक आहे, अडचण असेल. पण तो विचारत होता तेव्हा दर वेळी 'आहे' का म्हणालात? त्याला सांगायचं राहिलं. आता मला सांगा.